अण्णांच्या बंडीतली दुधाची पावती : वारं गेलं तेव्हा नक्की किती वाजले होते?

मांजराकाठ

अण्णांना वारं गेलं, म्हणजे लकवा झाला, त्याला आज सव्वीस दिवस झाले. वय ७८. उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे, नाकात नळी आहे. लिहावं की नाही हे दोन आठवडे ठरत नव्हतं. परवा एक गोष्ट हाती लागली आणि लिहायला बसलो.

गाव उदगीर तालुक्यात. घरी अण्णा, माय आणि धाकटा भाऊ, मी पुण्यात. त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, म्हणून अण्णा पहाटे तीनला हरभऱ्याची मोटार चालू करायला गेले. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. सकाळी सातच्या सुमारास ओसरीवर चहा प्यायला बसले आणि हातातून बशी निसटली. माय म्हणाली, "काय व्हायलंय तुम्हाला?" त्यांनी उत्तर दिलं, पण शब्द कळेनात. तोंड डावीकडे ओढलेलं.

पुढचे दोन तास मी नंतर फोनमधल्या वेळा बघून जुळवले. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला. कुणीतरी लसूण घालून तेल कढवलं आणि हातापायाला चोळलं. पाणी पाजलं, ते ठसकले. भाऊ साडेसातला शेतातून आला, त्याने मला फोन लावला. मी म्हणालो, "आधी गावातल्या डॉक्टरला दाखव, बीपी बघू दे, मग ठरवू." हे वाक्य माझं आहे. ते अजून कानातून जात नाही. बीपी २१० भरलं म्हणून जिभेखाली गोळी दिली आणि सलाईन लावलं. सलाईन अर्धवट काढून कसं न्यायचं म्हणून सगळे थांबले. मग गाडीची शोधाशोध. लातूरला दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा १०:२० झाले होते.

तिथे पहिलाच प्रश्न आला, "शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?" भावाने खरं ते सांगितलं, रात्री नऊला, जेवताना. त्यानंतर तो झोपला होता. माय गावातच राहिली होती, गाडीत जागा नव्हती. तिला फोन करून विचारायचं कुणालाच सुचलं नाही. डोक्याचं सीटी स्कॅन झालं, रक्तस्राव नव्हता. डॉक्टर म्हणाले, रात्री नऊपासून धरलं तर तेरा तास होऊन गेले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं.

परवा मायनं बंडी धुवायला काढली. खिशात डेअरीची पावती. सकाळचं दूध, लिटर, फॅट, दर आणि वर वेळ, ६:२२. अण्णा स्वतः किटली घेऊन गेले होते. मी डेअरीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "चांगले होते की. फॅट कमी लावलं म्हणून भांडले माझ्याशी."

६:२२ मध्ये साडेचार तास मिळवा. १०:५२ होतात. आम्ही १०:२० ला दारात होतो.

इथे डॉक्टर असतील तर माझं काही चुकत असेल ते दुरुस्त करा. ज्यांच्या घरात म्हाताऱ्या माणसाला असं झालंय त्यांनी आपापलं लिहा. "वय झालंय आता" हे मी या सव्वीस दिवसांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की त्याबद्दलही कुणी बोलावं असं वाटतं.

रात्रपाळी

मांजराकाठ, मी सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात आहे. आधी तुमच्या पावतीबद्दल, कारण ती तुमच्या मनात रुतून बसलेली दिसते.

१०:२० ला दार आणि १०:५२ ला मुदत. मधे सीटी, रक्तातली साखर, बीपी १८५/११० च्या खाली आणणं, घरच्यांना समजावून संमती घेणं. रुग्ण दारात आल्यापासून साठ मिनिटांत सुई, हे जगभरातल्या चांगल्या रुग्णालयांचं उद्दिष्ट असतं. पावतीच्या हिशोबाने तुमच्याकडे बत्तीस मिनिटं होती. पावती तेव्हाच सापडली असती तरी इंजेक्शन मिळालंच असतं असं मी म्हणणार नाही. खरा वेळ गेला तो सात ते नऊच्या मधे, गावात. आणि तो फक्त तुमच्या वाक्यामुळे गेला नाही, मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात तो असाच जातो.

आता ती वेळ का विचारतात ते. वारं जाणं म्हणजे स्ट्रोक. बहुतेक स्ट्रोक मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे होतात, उरलेले रक्तवाहिनी फुटल्यामुळे. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये मोठी वाहिनी बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवणारं औषध (अल्टेप्लेज, आणि आता टेनेक्टेप्लेज) १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीने तीन तासांपर्यंत उपयोगी ठरवलं, २००८ च्या युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. उशीर झाला की फायदा घटतो आणि मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका मात्र तसाच राहतो. म्हणून माणूस झोपेत असेल किंवा कुणी बघितलं नसेल, तर ज्या क्षणी तो शेवटचा ठीक दिसला तिथूनच मोजतात. लक्षण कधी दिसलं ते नाही, ठीक कधी होता ते. तुमच्या भावाने खोटं सांगितलं नाही. त्याला माहीत होतं तेवढंच सांगितलं.

पण ठीक पाहणारा माणूस घरातलाच असावा लागतो असं नाही. डेअरीवाला चालतो, देवळातला पुजारी चालतो, फोनवर बोललेली मुलगी चालते. फोनमधला शेवटचा कॉल बघायला सांगतो मी नातेवाइकांना. पावतीचा विचार मात्र मीही कधी केला नव्हता, तो आता करीन.

जिभेखालच्या गोळीबद्दल. हे अजून फार ठिकाणी चालतं आणि ते थांबायला हवं. समजा पाटाला बोळा बसला. पुढच्या वाफ्याला पाणी जात नाही, पण शेजारच्या सारणीतून झिरपून थोडी ओल मिळते आहे. तेवढ्यात कुणी वरून पाणीच कमी केलं तर तो वाफाही वाळतो. मेंदूचा बोळ्यापलीकडचा भाग अशाच ओलीवर तग धरून असतो आणि बीपी शरीराने बहुतेक वेळा त्याच्यासाठीच वाढवलेलं असतं. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंतचं बीपी पहिल्या दिवशी आम्ही बहुधा खाली ओढत नाही. द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतो, पण शिरेतून, मॉनिटर लावून, हळू. जिभेखालची गोळी ते कुठपर्यंत पाडेल याचा अंदाज कुणालाच नसतो.

अ‍ॅस्पिरिनही घरी देऊ नका. हृदयविकाराचा झटका आल्यावर देतात म्हणून लोक इथेही देतात. सीटी होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव, हे जगातला कुठलाही डॉक्टर नुसतं बघून खात्रीने सांगू शकत नाही. आणि पाणीसुद्धा पाजू नका. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात, चमचाभर पाणी फुफ्फुसात उतरू शकतं आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होऊ शकतो. अण्णा ठसकले ना, ते तेच.

लिंबोणी

माझी आज्जी. वय ८४. जिंतूरकडचं खेडं. दुपारी सव्वादोनला जोंधळे पाखडत होती, डाव्या हातातून सूप गळून पडलं. मी योगायोगाने आजोळी होते आणि नर्सिंग शिकलेय म्हणून मला कळलं. हात दोन्ही वर करायला लावले, डावा खाली आला. हसायला सांगितलं, डावी बाजू हललीच नाही. तिला म्हटलं "आज गुरुवार आहे" असं म्हण, तर जीभ जड. मी तळहातावर पेनाने २:१५ लिहिलं आणि १०८ लावला.

वय वंदना कार्ड काढलेलं होतं तिचं, पर्समध्येच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. कुठलं रुग्णालय आणि कुठला उपचार त्यात बसतो ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारावं लागतं. पण कार्ड आधीच काढून ठेवा, त्या दिवशी आधारचा ओटीपी शोधत बसू नका.

परभणीत सीटी झालं, रक्तस्राव नाही म्हणाले. मग डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की इंजेक्शनने फायदा होऊ शकतो, पण शंभरातल्या सहा-सात जणांना मेंदूत त्रास देणारा रक्तस्राव होतो, त्यातले काही जातातही. माझे मामा म्हणाले, "चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. कशाला टोचता आता. सुखानं जाऊ द्या."

मामा वाईट नाहीत. आज्जीला त्यांनीच सांभाळलंय. पण त्या वेळी मला जे वाटलं ते मी बोलले. म्हटलं, मामा, ही सुखानं जाणार नाही. वाऱ्याने माणूस त्याच दिवशी जात नाही, तो पडून राहतो. तिची पाठ कोण पुसणार, तिला दोन-दोन तासांनी कूस कोण बदलून देणार, हे आज ठरवायचं असेल तर इंजेक्शनला नाही म्हणा. मामींनी सही केली. सून, सासूसाठी. ४:४० ला औषध सुरू झालं.

ती आता काठी घेऊन चालते. डाव्या हाताने चोळीची बटणं लागत नाहीत, जोंधळे पाखडता येत नाहीत, त्याचं तिला फार लागतं. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण संडासला स्वतः जाते. ज्यांनी घरात पडलेलं माणूस काढलंय त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल.

रात्रपाळी

लिंबोणी, तुमच्या मामांचं वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनीही ते बरीच वर्षं म्हटलं. सुरुवातीच्या बऱ्याच चाचण्यांत ८० वर्षांवरचे रुग्ण जवळजवळ नव्हतेच, म्हणून त्यांना औषध देऊ नये असा नियमच पडून गेला. २०१२ मध्ये आयएसटी-३ ही मोठी चाचणी आली. ३,०३५ रुग्ण, त्यातले निम्म्याहून जास्त ८० च्या पुढचे. लवकर दिलं तर त्यांनाही फायदा होतो असं दिसलं. २०१४ मध्ये सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र मांडल्या, तेव्हाही वयामुळे फायदा नाहीसा होत नाही हेच निघालं. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या शंभर जणांमागे, न मिळालेल्यांच्या तुलनेत, साधारण दहा जास्त माणसं जवळजवळ पूर्ववत होतात. तीन ते साडेचार तासांत तोच आकडा पाचावर येतो.

म्हातारपणी स्ट्रोकमधून मरण्याचं प्रमाण जास्त असतं हे खरं. औषध दिलं तरी जास्त, नाही दिलं तरी जास्तच. म्हणून वय एवढ्याच कारणावर नाही म्हणू नये. माणूस त्याआधी कसा होता हे विचारावं. जो ७८ व्या वर्षी पहाटे तीनला मोटार चालू करायला जातो आणि फॅटवरून भांडतो, त्याला "वय झालंय" म्हणायचा हक्क कुणाला आहे?

करडई

मी काही शिकलेली नाय पण माज्या मालकाचं सांगते. वारं गेलं तवा आमी सीमेपल्याड कर्नाटकात नेलतं वैदूकडं. तिथं पाला बांधला, एकानं कबुतराचं रगत चोळा म्हणलं ते बी केलं. एकवीस दिसात हात उचलाया लागले. मंग तुमी म्हणता ते सगळं खोटं कसं म्हणावं? दवाखान्यात नेलेले लई जण तसेच पडून हायत आमच्या गावात.

रात्रपाळी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मालकांचा हात उचलला हे खोटं कसं म्हणू? पण स्ट्रोकनंतर पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांच्या अंगात थोडीफार ताकद आपोआप परत येते. मेंदूची सूज उतरते, मेलेल्या भागाचं काम आजूबाजूचा भाग उचलू लागतो. त्या एकवीस दिवसांत काहीही बांधलं तरी हात उचलला असता, आणि वेळेवर नीट व्यायाम मिळाला असता तर कदाचित अजून उचलला असता. दवाखान्यात नेऊनही पडून राहिलेले लोक बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेलेले असतात. पाला बांधायचा असेल तर नंतर बांधा, मी भांडणार नाही. फक्त पहिले साडेचार तास आम्हाला द्या. कबुतराचं रक्त मात्र नको, अंगावर कुठे जखम असेल तर संसर्ग होतो.

मालक बीपीची गोळी रोज घेतात का? ती बंद करू नका. दुसरा झटका बऱ्याचदा पहिल्याहून वाईट असतो.

करडई

गोळी बरं वाटलं तवा बंद केलती. उद्या सुनंला सांगून आणते.

सायरन

१०८ वर डॉक्टर म्हणून चार वर्षं काम केलं, बीड जिल्ह्यात. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. तरी लोक जीप शोधत बसतात.

फोनवर काय बोलता याने फरक पडतो. "चक्कर आलीय, लवकर या" म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही. "तोंड वाकडं झालंय, एक हात उचलेना, सात वाजेपर्यंत चांगले होते" असं सांगा. गाव सांगताना फाटा सांगा. वस्तीवर घर असेल तर एक पोरगं मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभं करा, रात्री बॅटरी हातात देऊन. आमची वीस-वीस मिनिटं वस्ती शोधण्यात गेलेली आहेत. गाडी लांब असल्याचं कळलं आणि दारात दुसरी गाडी तयार असेल तर निघा, पण कुठे जायचं ते आधी ठरवा. सगळ्यात जवळचा दवाखाना नव्हे, सीटी चालू असलेला आणि हे इंजेक्शन देणारा सगळ्यात जवळचा दवाखाना. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे जुनी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जिल्ह्याच्या गावी खाजगी रुग्णालयंही आहेत. रात्री दोनला तुमच्या भागात कुणाचं सीटी चालू असतं, हे आज दुपारी फोन करून विचारा आणि भिंतीवर लिहून ठेवा. निघाल्यावर तिथे फोन करा की आम्ही येतोय.

सोबत काय न्यायचं? गोळ्यांची पिशवी, अख्खी. आणि ज्याने शेवटचं ठीक पाहिलं तो माणूस. मांजराकाठ, तुमच्या गाडीत जागा नव्हती म्हणालात. एक काका उतरवून मायला बसवायला हवं होतं. तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही, पुढच्या माणसासाठी सांगतो.

अजून एक. गाडीत आम्ही बोटाला टोचून साखर बघतो, कारण साखर फार खाली गेली की हुबेहूब वाऱ्यासारखं दिसू शकतं. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या आज्या एकादशीला हमखास. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढायचं फिरतंय. त्याचा काडीचा उपयोग नाही, वेळ तेवढा जातो.

शाळामास्तर

माझं प्रकरण छोटं होतं म्हणून मी ते दुर्लक्षिलं. वय ६९. फळ्यावर लिहिताना नव्हे, निवृत्त आहे मी, घरी पेपर वाचताना उजव्या हातातून पेपर सुटला. दहा मिनिटं शब्द सापडेनात. मग सगळं ठीक. बायको म्हणाली दवाखान्यात चला, मी म्हणालो ऊन लागलं असेल. पाचव्या दिवशी सकाळी उठलो तो उजवा पाय ओढतच.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ती दहा मिनिटं म्हणजे सूचना होती. अशा वेळी मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. तेव्हाच तपासून औषधं सुरू केली असती तर पुढचं कदाचित टळलं असतं. माझ्या हृदयाचे ठोकेही अनियमित निघाले. गुठळी तिथूनच आली असावी म्हणाले. नाडी मी स्वतः कधी बघितली नव्हती. आता रोज बघतो.

बालाघाटी

आमच्या वडवणी-धारूर भागाचं वेगळं दुखणं आहे. दिवाळी झाली की घरातले कर्ते ऊसतोडीला जातात, चार-पाच महिने. गावात राहतात म्हातारे आणि शाळेतली पोरं. मागच्या हंगामात आमच्या गल्लीतली एक म्हातारी सकाळी दार उघडेना म्हणून अकराला कुणीतरी कडी वाजवली. रात्री कधी पडली कुणास ठाऊक. तिची नातवंडं दोघं, मोठं नऊ वर्षांचं. ते म्हणालं, "आज्जी झोपलीय म्हणून आम्ही उठवलं नाही, शाळेत गेलो."

त्यानंतर आम्ही एवढंच केलं. पोरांना तीन गोष्टी शिकवल्या : आज्जी हसली की तोंड सरळ आहे का, दोन्ही हात वर होतात का, बोलणं कळतं का. आणि यातलं काही बिघडलं तर समोरच्या दुकानात पळत जायचं. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं लक्षात ठेवतात, खेळ असल्यासारखं रोज सकाळी आज्जीला हात वर करायला लावतात. शिवाय फडावर गेलेल्या मुलाने रोज झोपताना एक फोन करायचा. तुमचा धागा वाचल्यावर कळलं की तो फोन म्हणजेच शेवटचं ठीक पाहिल्याचा पुरावा.

पण झोपेतच झालं तर काहीच करता येत नाही का? हे डॉक्टरांनी सांगावं.

रात्रपाळी

करता येतं, सगळीकडे नाही. एक म्हणजे एमआरआय. त्यात काही खुणा अशा असतात की त्यावरून स्ट्रोक ताजा आहे की जुना याचा अंदाज येतो. ताजा दिसला तर वेळ माहीत नसतानाही इंजेक्शन देता येतं, २०१८ च्या एका चाचणीने हे दाखवलं. दुसरं, मोठ्या वाहिनीत गुठळी असेल तर मांडीतून तार घालून ती ओढून काढतात. २०१५ मध्ये ओळीने पाच चाचण्यांनी याचा मोठा फायदा दाखवला, तेव्हा मुदत साधारण सहा तासांची होती. २०१८ पासून निवडक रुग्णांत, मेंदूचा वाचवण्यासारखा भाग अजून शिल्लक आहे असं स्कॅनमध्ये दिसलं तर, २४ तासांपर्यंत. ८० च्या पुढच्यांनाही याचा फायदा होतो. पण त्यासाठी कॅथलॅब, म्हणजे रक्तवाहिनीत तार घालायची खास खोली, आणि ते काम शिकलेला माणूस लागतो, आणि तो तालुक्याला नसतो. म्हणून "रात्रीच झालं असणार, आता काय उपयोग" म्हणून घरी थांबू नका. आमच्याकडे काही नसेल तर पुढे पाठवता तरी येतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हृदयाच्या व्हॉल्व्हसाठी किंवा अनियमित ठोक्यांसाठी, तर ते दारातच सांगा. शेवटची गोळी कधी घेतली तेही. इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्यावर ठरतं.

आणि पहिल्या काही तासांत सीटी बऱ्याचदा जवळजवळ नॉर्मल दिसतं. ते रक्तस्राव नाही एवढंच सांगत असतं. "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून रुग्णाला घरी नेलेले लोक मी पाहिले आहेत.

तेरणा

आमच्या नानांचा रक्तस्राव होता. बीपीच्या गोळ्या सहा महिने बंद, कारण "डोकं दुखत नाही मग कशाला". शेजाऱ्याने अ‍ॅस्पिरिन पाण्यात विरघळवून पाजलं होतं, भल्यासाठीच. सीटीमध्ये पांढरा डाग बघितला तेव्हा त्या शेजाऱ्याला आम्ही आजपर्यंत काही बोललो नाही, पण तो आमच्या घरी यायचा बंद झाला. नाना अकराव्या दिवशी गेले. अ‍ॅस्पिरिनमुळेच का, हे कुणी सांगू शकलं नाही. वर रात्रपाळी यांनी अ‍ॅस्पिरिन घरी देऊ नका असं लिहिलंय, ते सगळ्यांनी वाचावं म्हणून हे लिहिलं.

मांजराकाठ

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. भावालाही वाचून दाखवलं. सायरन, मायला गाडीत घ्यायला हवं होतं हे तोही म्हणाला, तुमचं वाचायच्या आधीच.

एक विचारायचं होतं. नळी अजून किती दिवस? माय रोज विचारते की थोडी पेज तोंडाने दिली तर काय होतंय. घरी नेल्यावर तिला थांबवणं मला जमणार नाही.

रात्रपाळी

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय नको. तपासणारा बसवून, आधी चमचाभर पाणी देऊन बघेल. खोकला आला, आवाज ओलसर झाला तर थांबेल. पातळ पदार्थ गिळायला सगळ्यात अवघड असतात हे मायला सांगा, लोकांना उलट वाटतं. सुरुवात बहुधा घट्टसर गोष्टीने होते. भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, एकेक चमचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. मायला तपासणीच्या वेळी समोर उभं करा. तिने स्वतः बघितलं की ती ऐकेल.

मांजराकाठ

आज तपासणी झाली. माय समोर होती. पाण्याला ठसकले, घट्ट दही गेलं, चार चमचे. नळी आणखी आठवडाभर ठेवायची, पण दिवसातून दोनदा दही किंवा मऊ खिचडी तोंडाने द्यायची म्हणाले.

बोलणं अजून नाही. पण समजतं. दुपारी मायनं सांगितलं की आता धाकटा दूध घालायला जातो, आणि काल फॅट किती लागलं ते सांगितलं. अण्णांनी डाव्या हाताने कमी लावलंय अशी खूण केली आणि डेअरीच्या दिशेने बोट दाखवलं.